रेडिओची माजघराकडची बाजू

भाच्याकडे मुंबईला गेलो तेव्हा टेलिव्हिजन पहिल्यांदा पाहिला. घरातले आणि शेजारचे सगळे समोर दाटीवाटीनं बसले होते. पेटी देखणी होती. सागवानी, तिरप्या पायांची, पायांच्या टोकांना पितळी टोप्या. काचेपुढे सरकती दोन दारं आणि त्या दारांवर लाकडाच्या शिरा अशा जुळवलेल्या की सांधा शोधावा लागावा. थोडा वेळ बसलो, मग उठलो आणि पेटीच्या मागे जाऊन तिची पाठ पाहिली. मागे पुठ्ठा होता, पुठ्ठ्याला भोकांच्या ओळी होत्या. हात धरला तर ऊन हवा बाहेर येत होती.

"मामा, चित्र इकडे आहे," भाचा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो आणि जागेवर येऊन बसलो.

अशा कुठल्याही पेटीची मी आधी पाठ पाहतो. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला निम्मं ठाऊक आहे, तेही मला सोयीचं तेवढंच. बोलणं हा माझा स्वभाव नाही. लोक म्हणतात, शांत माणूस आहे. माझ्या शांतपणामुळे एका माणसाच्या हातचं काम गेलं, हे आता तरी सरळ लिहावं.

ड्रॉइंगच्या दोन परीक्षा देऊन मी अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. एका रेडिओच्या दुकानाची पाटी केली, ती मालकांना आवडली आणि त्यांनी मला ठेवूनच घेतलं. रेडिओग्राम ही तेव्हा श्रीमंतांच्या घरची चीज. वर झाकण उघडलं की रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, समोर रेडिओ, आणि हे सगळं एका कपाटाएवढ्या लाकडी पेटीत. मुंबईहून तयार पेट्या यायच्या त्या वऱ्हाडातल्या एका उन्हाळ्यात उकलायच्या. वर चिकटवलेलं पातळ लाकूड पापडासारखं कुरळं व्हायचं. म्हणून मालकांनी ठरवलं, यंत्र तेवढं मुंबईचं आणायचं, अंगरखा आपण इथेच शिवायचा. पेटीला ते अंगरखाच म्हणत.

तो अंगरखा बेतायचं काम माझं. माझ्याजवळ परदेशी कंपन्यांची जुनी सचित्र पुस्तकं होती. त्यातल्या पेट्या बघायच्या आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला रुचेल असं काढायचं. खरं यंत्र पेटीच्या एका कोपऱ्यात मावायचं. उरलेली सगळी जागा रुबाबासाठी. कोपरे गोल करायचे की काटकोनी, जरीच्या धाग्याची जाळीदार कापडं कर्ण्यापुढे उभी ताणायची की आडवी, खुंट्या हस्तिदंती रंगाच्या घ्यायच्या की काळ्या, यावर मी दिवसचे दिवस घालवी. मोठ्या पेट्यांसाठी तबकडीची काच, म्हणजे जिच्यावर काटा फिरतो ती गावांच्या नावांची काच, मालक नवी कापून घेत आणि तिच्यावर मी मागच्या बाजूनं उलटी अक्षरं काढी. गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, नागपूर मधोमध पाहिजे. नागपूर कुठे लागायचं ते यंत्र ठरवणार, मी नाही. मग मी नागपूरचं अक्षर लंडनपेक्षा मोठं काढायचो. गिऱ्हाईक खूश.

पेट्या बनवणारे मिस्त्री अकोल्याला असत. स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर टिनाचं छप्पर, तोच कारखाना आणि मागे घर. लढाईच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात लागले होते, तिथे हा हुन्नर शिकले. त्यांची जात सुताराची नव्हती. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रंधे आणि पटाशा आकारानं लहानमोठ्या टांगलेल्या. गावातले सुतार पाठीमागे बोलत, पण त्यांच्यासारखा गोल कोपरा वळवणारा हात अकोला-अमरावतीत दुसरा नव्हता, आणि हे बोलणाऱ्यांनाही माहीत होतं. मालक त्यांच्याकडेच काम देत. मी नकाशा घेऊन गाडीनं जाई, दोन दिवस राही, परत येई; काम झालं की नकाशाही परत दुकानात येई.

एक दिवस मोर्शीकडच्या एका संत्र्याच्या बागायतदारांचं बोलावणं आलं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नवा बंगला बांधला होता आणि बैठक व माजघर यांच्यामधल्या भिंतीत खिडकीएवढी मोकळी जागा मुद्दाम सोडली होती. रेडिओग्राम तिथे बसवायचा. बैठकीत पुरुष, माजघरात बाया. एका रेडिओत दोघांचं भागावं, ही सोय त्या भागातल्या बऱ्याच मोठ्या घरांनी केलेली मी पाहिली होती. तोंड अर्थातच बैठकीकडे.

मालक आणि मी टेप धरून मापं घेत होतो. भाऊसाहेबांच्या पत्नी माजघराच्या दारात उभ्या होत्या. आमच्याशी न बोलता त्या नवऱ्याला म्हणाल्या,

"म्हंजे बाप्यायले तोंड अन् आमाले पाठ?"

"अवो, आवाज तं येईन ना तिकडं."

"आवाज तं कोंबड्याचाबी येते. इतकी मोठी चीज घरात आनून आमी काय पुठ्ठा पाहत बसू? मांगून तारा लोंबते त्याच्या. माह्या मायेरी हाय ना, मले मालूम हाय."

"मंग काय दोन घेऊ?"

"दोन काहून? एकालेच दोन तोंडं करा. हे मास्तर कायले हायेत इथं?"

ड्रॉइंगवाला म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. भाऊसाहेब हसत माझ्याकडे वळले, "होईन काय जी?" मालक काही बोलायच्या आत मी म्हणालो, "होईल."

आजवर कुणी मला पेटीची पाठ दिली नव्हती. पाठ म्हणजे भिंतीकडची, कुणी न पाहायची, भोकाभोकांचा पुठ्ठा खिळ्यांनी ठोकायची बाजू. इथे एक बाई म्हणत होती, ती बाजूही आमच्यासाठी सुंदर कर. मी आठ दिवस झोपेतही तीच पेटी पाहत होतो. माजघराकडूनही तेच जरीचं कापड, तीच काच, काचेमागे तसाच मिणमिणता दिवा. काटा मात्र नुसता दिसायला, नागपूरवर कायमचा बसवलेला. चार खुंट्या, अगदी पुढच्यासारख्या, पितळी कडीच्या. त्यातल्या तीन नुसत्या चिकटवलेल्या. चौथी खरी, लांब सळईनं ती आवाजाच्या खुंटीला जोडायची, म्हणजे बायांना आवाज कमीजास्त करता येईल. चालू-बंद मात्र बैठकीकडून. मालकांनी सळईचं जमवून दिलं आणि म्हणाले, "वा मास्तर. असा रेडिओ नागपुरातबी नाई."

नकाशा घेऊन अकोल्याला गेलो. मिस्त्रींनी तो लाकडी ठोकळ्यांनी चारी कोपऱ्यांवर दाबून पसरला आणि पेन्सिल कानावरून काढली.

"मास्तर, हवा कुठून जाईन?"

"खालून फट ठेवली आहे."

"खालून येईन. जाईन कुठून? यंत्रातले दिवे, वाल्व म्हनते ते, लाल होऊन राह्यते, हात लावता येत नाई. त्यात तुमी बायाइकडच्या काचेमांगं अजून एक लावून राह्यले. अन् मोर्शीचं ऊन काय मी सांगू तुमाले?"

मी म्हणालो, बघू. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पेटी उभी होती, पॉलिश राहिलं होतं. माजघराकडच्या बाजूला, वरच्या कडेखाली, बोट जाईल एवढ्या अकरा भोकांची ओळ होती. रेघेत, सारख्या अंतरावर, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. काम वाईट नव्हतं. पण माझ्या डोळ्यांना ती पुन्हा पाठ दिसली.

"नकाशात भोकं कुठे आहेत, मिस्त्री?"

"नाईत. म्हनून तं पाडली."

"ती दिसतात."

"दिसू द्या नं. बाया काय भोकं मोजत बसतीन?"

"त्या बाईंनी एकच गोष्ट मागितली. पाठ नको म्हणाल्या. बुजवा ती."

मिस्त्रींनी पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. मी त्यांच्याहून लहान, पण नकाशा माझा, आणि मी मालकांच्या वतीनं आलेला. "तुमी म्हनता म्हनून बुजवतो," ते म्हणाले. मालकांना विचारून घ्या, असंही म्हणाले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भोकं राहिली असती.

त्यांनी त्याच फळीच्या उरल्या तुकड्यातून अकरा गुटके काढले, प्रत्येकाची शीर फळीच्या शिरेशी जुळवली आणि बसवले. वरून लाखेच्या पॉलिशचे हात चढले. नंतर मी स्वतः बोट फिरवून पाहिलं, मला एकही सापडला नाही.

पेटी मोर्शीकडे गेली. भिंतीत बसवली, दोन्हीकडचे दिवे लागले आणि वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, माजघरात पाटावर बसून पाहत राहिल्या. "नवरदेवावानी नटला वो," त्या जावेला म्हणाल्या. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला आले. बैठकीत पाहून झालं की बायका माजघरात पाहत, आणि खरं कुठलं अन् खोटं कुठलं यावर पैजा लावत. तिवशाहून एक आणि चांदूरहून एक अशी दोन तोंडांची आणखी दोन कामं आली. मालकांनी अकोल्याला निरोप पाठवला, मिस्त्री, आता तुमाले दुसऱ्या कोनाचं काम घ्यायची गरज नाई. मिस्त्रींनी कारखान्याचं छप्पर वाढवायला घेतलं. त्यांच्या हाताचं नाव तेव्हा खरोखर होऊ लागलं होतं. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे गेलं ते हे.

वैशाखात भाऊसाहेबांच्या घरचे पुरुष सकाळीच एका लग्नाला गेले. रेडिओ चालू ठेवून, बैठकीला कुलूप लावून गेले. बायांना गाणी ऐकू येत राहावीत म्हणून. दुपारी जेवणं झाल्यावर वहिनींनी माजघराकडची खुंटी आवाज जाईपर्यंत फिरवली आणि पडल्या. आवाज गेला म्हणजे बंद झाला, असंच कुणालाही वाटेल. माझ्या खुंट्या दोन्हीकडे अगदी सारख्या होत्या. आत सगळं चालूच राहिलं. खिडक्या उन्हासाठी लावलेल्या, बाहेर वारा आगीसारखा, आणि पेटीतली हवा वरून निघायला कुठेही वाट नव्हती.

वास आला तेव्हा जरीचं कापड पेटलं होतं. वहिनी बंद करायला धावल्या आणि त्यांनी तीच खुंटी धरली. पितळी कडी तापलेली होती. उजवा तळवा भाजला. गड्यांनी बैठकीचं दार फोडून मुख्य वायर ओढली, तोवर भिंतीतल्या चौकटीवरून जाळ छताच्या कापडाला लागला होता. माणूस कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक आणि मी तिथे पोचलो. पेटी अंगणात काढून ठेवली होती, पाण्यानं भिजलेली. माजघराकडची फळी उकलली होती आणि तिच्या वरच्या कडेखाली अकरा गुटके सैल होऊन बाहेर डोकावत होते. पॉलिशखाली जे मला सापडलं नव्हतं, ते आता अंगणातल्या कुत्र्यालाही दिसलं असतं.

"हे काय होय?" भाऊसाहेबांनी काठीनं दाखवलं.

आतून वहिनींचा आवाज आला, "मी बंद केला होता जी. ह्याच हातानं केला होता." कुणी तिकडे पाहिलं नाही.

मालक वाकून गुटके बघत होते. यंत्राचं त्यांना सगळं कळत होतं, त्यामुळे काय झालं तेही तिथल्या तिथे कळलं असणार. ते सरळ झाले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"मास्तर, नकाशात हवेची भोकं होती ना?"

मी गुटक्यांकडे पाहिलं.

"अन् साफ दिसावं म्हनून मिस्त्रीनं ते बुजवून टाकले. असंच ना?"

"हो," मी म्हणालो.

तेवढंच. मालकांनी उत्तर ताटात वाढून दिलं होतं, हे खरं आहे. उचललं मी.

"हा मिस्त्री कोन? सुतार हाय काय?" भाऊसाहेबांनी विचारलं. मालकांनी सांगितलं कोण ते. भाऊसाहेब म्हणाले, "मंग बराबर. ज्याचं काम त्याच्याकडूनच करून घ्या लागते." तिथे उभ्या असलेल्या चारपाच जणांनी माना हलवल्या. माझी मान मी हलवली नाही एवढंच, पण तीही कुणी मोजत नव्हतं.

परतीच्या मोटारीत मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो नकाशा काढून ठेवजो. भाऊसाहेबाले दाखवा लागीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी माझ्या टेबलाशी बसलो. कंपास घेतला आणि माजघराकडच्या बाजूच्या आकृतीत, वरच्या कडेखाली, अकरा वर्तुळं काढली. शाई ताजी दिसत होती. चहाच्या चोथ्याचं पाणी बोळ्यानं हलकं फिरवलं, वाळवलं, मग ती जुन्या रेघांच्या रंगाला आली. इतकं सफाईचं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

नोकरी जाईल ही भीती होती. पण तेवढंच असतं तर मी स्वतःला कधीच माफ करून टाकलं असतं. पोटासाठी माणूस काय काय करतो. दुसरंही होतं. माझ्या आयुष्यात मी काढलेली सर्वांत सुंदर वस्तू चुकीची होती, हे चार लोकांसमोर माझ्या तोंडानं म्हणवत नव्हतं. चूक मिस्त्रींची ठरली की नकाशा सुंदरच राहत होता.

आठवड्यानं मिस्त्री अमरावतीला आले. धुतलेला पांढरा सदरा, पायात वहाणा, हातात काही नाही. मी आतल्या बाजूला काच घेऊन अक्षरं काढत बसलो होतो. मालकांनी त्यांच्यासमोर नकाशा टाकला.

"पाह्य. मास्तरनं भोकं देल्ली होती."

मिस्त्रींनी नकाशा उचलून उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला आणि बोटानं मोजलं.

"अकरा," ते म्हणाले. "मालक, माह्या मनानं पाडली होती मी ती भोकं. दहा का बारा पाडायची, ते गिरमिट हातात घेतल्यावर ठरवलं. या कागदाले कसं मालूम अकरा म्हनून?"

मालकांनी नकाशा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "कागदाले नाई, मास्तरले मालूम. त्यायनंच काढला हाय. काहून जी मास्तर?"

मला फक्त मान वर करायची होती. मी काचेवर उलटं अक्षर काढत होतो आणि ते बिघडू नये म्हणून मान वर करता येत नाही, असं दाखवलं. मिस्त्रींनी मालकांना नमस्कार केला आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं मी चहाचं निमित्त करून बाहेर पडलो. ते सायकलींच्या रांगेजवळ उभे होते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मास्तर, एक कागद लिहून द्या. पयल्या नकाशात भोकं नव्हती, एवढंच. मालकाले नाई दाखवत मी. तुमच्या नोकरीले काई होनार नाई. अकोल्यात दोन जागी काम चालू हाय माहं, तिथं गोष्ट पोचली. त्यायच्यासाठी पाह्यजे."

"देतो."

"कवा?"

"उद्याच टपालानं पाठवतो."

"पत्ता हाय ना?"

"आहे ना. दर महिन्याला येतो की मी."

"आता कायले येता," ते म्हणाले आणि स्टेशनाकडे वळले.

तो कागद मी तीन वेळा लिहिला आणि तीनही वेळा फाडला. एकदा तर पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. माझं अक्षर अर्ध्या शहराच्या पाट्यांवर होतं. कुणीही ओळखलं असतं. सही नसती केली तरी. अकोल्याहून मालकांपर्यंत यायला त्याला एक गाडी पुरेशी होती. पाकीट खिशात घेऊन परत आलो.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "मास्तर यांस नमस्कार. कागद अजून पोचला नाही." महिन्याभरानं दुसरं. "वाट पाहून राहिलो." तिसरं आलं नाही. दुकानातल्या टपालात माझ्या नावाचं काही आहे का, हे मी त्यानंतर बरेच दिवस पाहत असे, आणि नसलं की मला हायसं वाटे. हेही लिहिलं पाहिजे.

तिवशाचं आणि चांदूरचं काम मालकांनी रद्द केलं. अकोल्यातल्या डॉक्टरांनी दवाखान्याची कपाटं अर्धी झालेली असताना दुसऱ्याकडे दिली. "पेटती कपाटं नको बाप्पा आपल्याले," असं ते चेष्टेनं म्हणाले म्हणतात, आणि ती चेष्टा गावभर झाली. सुतारांनी तिला आपली जोड दिली. ती काय असेल ते वऱ्हाडातल्या कुणालाही सांगायला नको. वाढवायला घेतलेलं छप्पर तसंच राहिलं, हे मला अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी विचारलं नव्हतं. तो सहज सांगत होता.

पुढे ट्रान्झिस्टर आला. जो तो रेडिओ खांद्याला अडकवून फिरू लागला, नांगराच्या मुठीला टांगू लागला. कपाटाएवढ्या पेट्या कुणाला नकोशा झाल्या. मालकांना लकवा झाला आणि वर्षभरानं ते गेले. दुकान त्यांच्या मुलांनी विकलं. भाऊसाहेबही गेल्याचं कानावर आलं. मी एका शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागलो होतो. आणि मग, एका रविवारी, मी तो कागद लिहिला. पहिल्या नकाशात भोकं नव्हती. मिस्त्रींनी ती स्वतःहून पाडली, मी बुजवायला लावली. नंतर नकाशात वर्तुळं मी काढली. खाली पूर्ण नाव आणि सही. लिहायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. ज्यांची भीती होती ते दोघंही गेल्यावर लागणार तरी किती?

अकोल्याला गेलो. टिनाच्या छपराखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, मिस्त्री होय, ते चांदूर रेल्वेले असते आता, संत्र्याच्या पेट्या ठोकते.

पुढच्या रविवारी चांदूरला उतरलो. मालधक्क्याच्या पलीकडे पेट्यांचे ढीग होते आणि ढिगाच्या सावलीत मिस्त्री उकिडवे बसलेले. हलक्या लाकडाच्या खरबरीत फळ्या, दोन फळ्यांत बोटभर फट, चार खिळे, पेटी बाजूला, दुसरी. रंधा नाही, पॉलिश नाही, मापाची पट्टीसुद्धा नाही.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मास्तर?"

"हो."

"केस गेले तुमचे." एक पेटी उलटी करून त्यांनी पुढे सरकवली. "बसा."

मी बसलो आणि काही न बोलता कागद दिला. बोलायला बरंच ठरवून आलो होतो. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, चष्मा काढून लावला आणि सावकाश, ओळ न ओळ वाचला. दोनदा वाचला.

"अक्षर तसंच हाय तुमचं," ते म्हणाले. "पाटीवानी."

"सगळं लिहिलं आहे, मिस्त्री. नकाशा मी नंतर बदलला, तेही."

"हो, वाचलं नं." त्यांनी चष्मा काढला. "आता दाखवू कोनाले?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मालक?"

"गेले. तीन वर्षं झाली."

"अन् ते मोर्शीचे?"

"तेही गेले."

"मंग राहिले तुमी अन् मी," मिस्त्री म्हणाले. "आपल्या दोघायले तं पयलेच मालूम होतं."

झोपडीवजा घरातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. "कोन आलं वो?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीचे मास्तर. नकाशे काढत होते पयले. च्या टाक."

एवढीच ओळख त्यांनी करून दिली. बाईंनी मला हात जोडले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांच्यासमोर तरी. पण त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या, माझ्या बायकामुलांची चौकशी केली, आणि मी उत्तरं देत राहिलो.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, पॉलिशचं काम अजून निघतं अमरावतीला. मी दोनचार जणांना सांगू शकतो. आता माझ्या शब्दाला..."

"आता नाई होत जी. पॉलिशले तेज नजर लागते, ते राह्यली नाई. अन् हात विसरला." त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग कागदाची घडी केली आणि माझ्याकडे धरली. "हे तुमीच ठेवा. इथं पावसात फळ्याबी भिजते माह्या, कागद कुठं ठेवू?"

"तुमच्यासाठी लिहिला आहे."

"मालूम हाय."

मी हात पुढे केला नाही. त्यांनी कागद माझ्या शेजारी पेटीवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर एक खिळा ठेवला, आणि पुढची फळी ओढली. त्यांनी मला शिवी दिली असती, हाकललं असतं, किंवा जाऊ द्या म्हटलं असतं, तर मी उठू शकलो असतो. ते काम करत होते. संध्याकाळच्या गाडीला शंभर पेट्या द्यायच्या होत्या. मी तिथे तासभर बसून राहिलो. काय करावं ते मला सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

गाडीची वेळ झाली तेव्हा मी खिळा त्यांच्या डब्यात टाकला आणि कागद खिशात घातला. "येतो, मिस्त्री," म्हणालो. तोंडात खिळे धरलेले होते म्हणून असेल, त्यांनी नुसती मान हलवली.